बिननावाचा भुंगा आणि आमचे बोरसे सर

प्राध्यापक विश्राम झिपरू बोरसे यांनी माझ्याशी उच्चारलेले पहिले शब्द "बाई, पाय उचला" असे होते. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी मी वडिलांबरोबर यावलहून धुळ्याला आले होते. प्राणिशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात ट्यूबलाइटखाली पावसाळी किड्यांचा सडा पडला होता आणि पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ गुडघ्यांवर बसून, झाडूवाल्या मावशी येण्याच्या आत, रंगाच्या ब्रशने ते किडे बाटलीत गोळा करत होते. मी निमूटपणे पाय उचलला. चपलेच्या शेजारून त्यांनी एक तपकिरी, लांबोडका भुंगा उचलला, तळहातावर उताणा ठेवला आणि आमच्यासमोर धरला. "बघा आता," म्हणाले. बराच वेळ काही झालं नाही. वडील घसा खाकरून निघायच्या बेतात होते, तोच "टक्" असा आवाज झाला आणि भुंगा वडिलांच्या खिशापर्यंत उडून खाली आला, तो थेट पायांवरच. वडील घराकडे निघताना मला एवढंच म्हणाले, "हा मानूस इथं शिकवते?"

हा माणूस तिथे शिकवत होता, हे माझं भाग्य. सर यंदा वयाची पंचाहत्तर वर्षं पूर्ण करत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी लिहायला सांगितलं, तेव्हा संपादकांनी मला बजावलं की लेखात संयम असावा. माझा स्वभाव त्यांना ठाऊक आहे. मला राग लवकर येतो. सरांना तो येतच नाही, आणि त्याचाही मला राग येतो. तरी कृतज्ञतेच्या बाबतीत मी कुणाला हार जाणार नाही. जे मनात आहे ते सरळ लिहिते.

सरांनी आयुष्यभर ज्याचा अभ्यास केला तो हा भुंगा. आमच्याकडची पोरं त्याला टकटक्या म्हणतात, पुस्तकात क्लिक बीटल म्हणतात. पाय आखूड, त्यामुळे उताणा पडला की पायांच्या बळावर त्याला उलटता येत नाही. पण छातीखाली एक खुंटी असते आणि तिच्यासाठी एक खोबण. अंग ताणून खुंटी खोबणीत सटकवली की टक् आवाज होतो आणि भुंगा हवेत उडतो. पायांवर पडला तर ठीक, नाही पडला तर पुन्हा उडी. एवढा एक गुण सोडला तर दिसायला अगदी सामान्य किडा. रंग मातीचा, चमक नाही, डौल नाही. फुलपाखरांचा अभ्यास करणाऱ्यांना लोक व्याख्यानाला बोलावतात. टकटक्याचा अभ्यास करणाऱ्याला कोण बोलावणार? सरांना कुणी बोलावलं नाही आणि सरांनीही वाट पाहिली नाही. तापीच्या गाळापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत आणि गिरणेच्या काठापासून साक्रीच्या माळापर्यंत ते पायी, सायकलवर, एसटीने आणि पुढे विद्यार्थ्यांच्या मोटारसायकलींच्या मागे बसून फिरले. खान्देशात या भुंग्याच्या किती जाती आहेत हे आज सांगता येतं, ते त्यांच्यामुळे.

या भुंग्याची अळी मातीत असते, तारेसारखी कडक आणि पिवळी. तिच्या काही जाती पिकाच्या मुळ्या खातात, म्हणून सगळीच अळी बदनाम. दोंडाईचाच्या एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांनी एकदा सरांना, आणि बरोबर मला, शेतकरी मेळाव्याला नेलं होतं. हेतू असा की प्राध्यापकांनी अळी दाखवावी, भीती घालावी आणि औषध खपावं. एका शेतकऱ्याने डब्यात माती घालून अळ्या आणल्या होत्या.

"सर, हाई अळी कपाशीन्या मुळ्या खाई राहिनी. औषध सांगा."

सरांनी अळी चिमटीत धरून भिंगातून पाहिली. मग त्याच डब्यातली हुमणीची एक लहान अळी तिच्यासमोर टाकली आणि सगळ्यांना चहा घ्यायला सांगितलं. चहा होईपर्यंत हुमणी निम्मी संपली होती. सर म्हणाले, "दादा, मुळ्या खाई राहिनी ती हाई हुमणी. हाई दुसरी तुन्ही मजूर शे, बिनपगारी. औषध टाकशी तर पहिले हाईच मरी." मालकांचा चेहरा पडला. परतीच्या गाडीचं त्यांनी कबूल केलं होतं, तेही ते विसरले. आम्ही रेल्वे स्टेशनपर्यंत चालत गेलो. मी वाटभर त्या मालकांचा उद्धार करत होते आणि सर म्हणत होते, "अहो कुंदा, त्यांचंही पोट आहे. पण चहा चांगला होता."

मला क्षेत्रभेटीला जंगलात पाठवायचं म्हटल्यावर घरी मोठं महाभारत झालं. आमचं घर केळीबागांचं. मुलीने शिकावं इथवर वडिलांची तयारी होती, पण सातपुड्यात मुक्काम म्हणजे काय? "पोरगी किडे धरून काय करीन?" हा त्यांचा प्रश्न होता. सरांनी वडिलांशी वाद घातला नाही. ते यावलला आले, ओसरीवर बसले, केळीच्या खोडाला लागणाऱ्या सोंडकिड्याविषयी तासभर बोलले आणि निघताना म्हणाले, "आमच्या मंडळीही येताहेत मुक्कामाला. कुंदा त्यांच्या खोलीत राहील." मंडळींना, म्हणजे आमच्या निर्मलाकाकूंना, हे सरांनी घरी गेल्यावर सांगितलं. काकू तेव्हापासून आमच्या प्रत्येक क्षेत्रभेटीला येत राहिल्या. विभागात मुली वाढल्या त्या सरांच्या व्याख्यानांमुळे नव्हे, काकूंच्या पिशवीमुळे, असं मी आजही म्हणते. त्या पिशवीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि आयांचा विश्वास एवढं सगळं असे.

लग्न यावलमध्येच झालं, आणि मुलगा झाल्यावर माझं संशोधन बंद पडलं. बंद पाडलं असं कुणी म्हणू शकणार नाही. घरात सगळे चांगलेच होते. पण धुळ्याला जाऊन सूक्ष्मदर्शकासमोर बसणं शक्य नव्हतं आणि वर्ष निघून चाललं होतं. एके दिवशी सर आमच्या दारात उभे. हातात, कडेवर मूल घ्यावं तसा, धुतलेल्या धोतरात गुंडाळलेला त्यांचा स्वतःचा सूक्ष्मदर्शक. धुळ्याहून जळगाव आणि जळगावहून यावल, दोन एसट्या करून त्यांनी तो मांडीवर आणला होता. दुसऱ्या गाडीत गर्दी होती. "काका, गाठोडं वर ठेवा," म्हणून कंडक्टरने फार त्रास दिला, तेव्हा त्यांनी सूक्ष्मदर्शकाचंही तिकीट काढलं आणि त्याला खिडकीजवळ बसवलं. माझ्या सासूबाईंनी विचारलं, "हे काय हो?" सर म्हणाले, "आमच्या कुंदाचं राहिलेलं सामान." माझा प्रबंध त्या सामानावर पुरा झाला. मी आज महाविद्यालयात शिकवते, ती त्या दिवसामुळे. त्याबद्दल मी सरांचे आभार कधी नीट मानले नाहीत, ते या ग्रंथात मानून घेते.

आता ज्या भुंग्यासाठी हा लेख लिहिते आहे, त्याच्याकडे वळते.

तो पहिल्यांदा सापडला काकूंना. यावलच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा मुक्काम होता. सकाळी काकूंनी पांघरूण झटकलं तेव्हा एक मोठा, काळसर तांबूस भुंगा फरशीवर उताणा पडला आणि टक् करून काकूंच्या पदरावर बसला. काकूंची किंकाळी ऐकून सर धावत आले. भुंगा पाहिला आणि काकूंना विचारायचं विसरून त्यांनी पदराचं ते टोकच मुठीत धरलं. असा भुंगा त्यांनी कधी पाहिला नव्हता. धुळ्याला येऊन पुस्तकं चाळली, पुण्या-मुंबईच्या संग्रहांतले नमुने जाऊन पाहिले, परदेशातल्या जाणकारांना चित्रं पाठवली. कुणाकडेच तसा भुंगा नव्हता. जात नवी असावी, असं सगळ्यांचं मत पडलं. ती मादी होती.

आणि इथेच घोडं अडलं. या कुळातल्या माद्या एकमेकींसारख्या दिसतात. नराच्या मिशा, म्हणजे स्पर्शिका, फणीसारख्या असतात. त्या फणीला किती दात, ते कसे आणि नराच्या शरीराची आतली ठेवण कशी, यावरून जात निश्चित ठरते. नर हाती येत नाही तोवर नवी जात म्हणून खात्रीने सांगता येणार नाही, असं सरांचं म्हणणं. अनेकांनी मादीवरून जाती जाहीर केल्या आहेत. त्यातल्या काही पुढे जुन्याच जातीच्या निघाल्या. सरांना तसं करायचं नव्हतं. आम्ही त्या मादीला "पाहुणी" म्हणू लागलो. मग दरवर्षी पावसाळा संपला की विभागात हटकून थट्टा चाले, "सर, पाहुणीचं स्थळ जमलं का?" आणि सर गंभीरपणे सांगत, "पत्रिका पाठवल्या आहेत." या थट्टेत बरीच वर्षं गेली. सर निवृत्त झाले. पाहुणी टाचणीवर होती तशीच, नावाशिवाय.

दुसरा माग लागला तो गिरणेच्या काठी. भडगाव तालुक्यात सरांच्या थोरल्या बहिणीचं, बनाअक्कांचं गाव आहे. तिथल्या शेताच्या बांधावरचा जुना आंबा वादळात पडला. खोड आतून पोकळ होतं आणि पोकळीत लाकडाचा ओलसर भुसा भरलेला होता. भाचीच्या लग्नाला गेलेले सर जेवणाची पंगत सोडून त्या भुशात हात घालून बसले आणि त्यात त्यांना अळ्या मिळाल्या. एक अळी त्यांनी घरी डब्यात वाढवली. चार-पाच वर्षांनी तिचा भुंगा झाला. पाहुणीच, तंतोतंत, आणि पुन्हा मादी. पण घर सापडलं होतं. पोकळ खोडाचा तो ओंडका अक्कांच्या गोठ्याच्या सावलीत होता तसाच ठेवला गेला. फोडला तर अळ्या आणि कोष यांना हवा लागून ते सुकतात, म्हणून फोडायचा नाही. उन्हाळ्यात पाणी शिंपडायचं, गोणपाट टाकायचं आणि वैशाखात भुंगे निघायच्या सुमारास वरून मच्छरदाणी लावायची. सर दरवर्षी जाऊन हे स्वतःच्या हातांनी करत. जाळीत आजवर एकही नर आला नव्हता. गाव पाहत असे. लाकडाला मच्छरदाणी लावणारा माणूस गावाने आधी पाहिलेला नव्हता, पण तो अक्कांचा भाऊ होता, प्रोफेसर होता, आणि वयाने नाना होता. कुणी विचारलं नाही. सरांनीही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी होळीच्या दिवशी मी उत्तरपत्रिका तपासायला धुळ्याला होते. दुपारी सरांकडे जेवायला गेले तर सर फोन कानाला लावून उभे होते. पलीकडे बनाअक्का. त्यांचा आवाज मला स्वयंपाकघराच्या दारातही ऐकू आला.

"विश्राम, तुन्हं लाकूड होळीमा गयं रे भाऊ!"

सरांनी फोन ठेवला, काकूंकडे पाहिलं आणि चप्पल घालायला लागले. मी गाडी काढली. वाटेत कुणी बोललं नाही. नाही म्हणायला मी बोलले, गावातल्या पोरांविषयी, होळीच्या नावाखाली चालणाऱ्या चोऱ्यांविषयी आणि एकूणच सगळ्याविषयी. काकूंनी मागून एकदा सांगितलं, "कुंदा, तू गाडी चालाव."

ऊन उतरू लागलं होतं तेव्हा आम्ही पोचलो. चौकात होळी रचून तयार होती. गोवऱ्यांच्या माळा, मधे एरंडाचा दांडा, वर तुराट्या आणि काटक्या. सगळ्यांच्या खाली, बुडाशी, मानाच्या जागी, सरांचा ओंडका. त्याला हळदकुंकू लावलेलं. त्यावरचं गोणपाटसुद्धा नीट घडी करून बाजूला ठेवलं होतं. होळीच्या पोरांचा म्होरक्या पंकज, अक्कांच्या शेजारचा तरणाबांड शेतकरी, सरांना पाहून पुढे आला. त्याच्या तोंडावर ओशाळलेपणा औषधालाही नव्हता. उलट सरांच्या लाकडाला मान दिल्याचा आनंद होता.

"उनात का नाना! आम्ही तुम्हनीच वाट दखत व्हतूत. तुम्ही दरसाल त्याले पानी घालतस, झाकतस, मच्छरदानी लावतस. इतलं जपेल लाकूड म्हनजे होळीसाठेच राखेल व्हई ना! वाजत-गाजत लई उनूत."

मी तोंड उघडलं. या लाकडात काय आहे, ते किती वर्षांचं आहे, खान्देशाबाहेर जगात कुठेही नाही, आणि तुम्ही ते जाळायला निघालात, असं बरंच काही मी एका दमात म्हणाले. पंकजचा चेहरा उतरला. आजूबाजूची माणसं गोळा झाली. गावातले एक वयस्कर आबा होते, त्यांनी सरांकडे पाहून अगदी सौम्यपणे सांगितलं, "नाना, तुम्ही बी जानतस. होळीमा गयेल लाकूड परत लेतस नही." आणि हे खरं होतं. आमच्याकडेही तसंच आहे. माणसाने शिव्या द्याव्यात, बोंब मारावी, पण होळीत पडलेलं लाकूड परत मागू नये.

मला वाटलं, सर आता तरी रागावतील. पण त्यांनी मला हाताने थांबवलं आणि पंकजच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हनं काही चुकनं नही," ते म्हणाले. "चुकनं मन्हं. इतला वरीस मी आठे येस, आन तुम्हले कधी सांगंच नही त्यामा काय शे." मग ते होळीच्या शेजारी, धुळीत मांडी घालून बसले. काकू पुढे होऊन त्यांच्या शेजारी बसल्या.

बोलल्या त्या बनाअक्का. काठी टेकत आल्या आणि आबांच्या समोर उभ्या राहिल्या.

"लाकूड होळीनं, कबूल शे. पन त्यामा जित्ता जीव शेतस. त्या होळीले कोनी दिधात? मी नही दिधात, विश्रामनी नही दिधात. का तू दिधात?"

आबा म्हणाले, "नही. जीव कोनीच देत नही." एवढं पुरे होतं. पंकज आणि त्याच्या सोबत्यांनी वरची रचना उतरवली आणि ओंडका बाहेर घेतला, परत घेण्यासाठी नव्हे, रिकामा करण्यासाठी. कुणीतरी लग्नातली मोठी पांढरी चादर आणून अंथरली. बायका घराघरांतून गव्हाच्या चाळण्या आणि सुपं घेऊन आल्या. पुरणाचा स्वयंपाक चुलीवर तसाच ठेवून आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. सरांनी ओंडक्याला पहिली पाचर स्वतः लावली. जो फोडू नये म्हणून त्यांनी इतकी वर्षं जिवापाड जपला, तो त्यांच्यासमोर उभा चिरला गेला.

मग सर बोलायला लागले. मी त्यांची शेकडो व्याख्यानं ऐकली आहेत, पण असं एकही ऐकलं नव्हतं. हातात भुसा घेऊन, अहिराणीत, त्यांनी सगळी हकिकत सांगितली. पाहुणी, काकूंचा पदर, फणीच्या मिशा, नर का हवा, सगळं. अळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात, म्हणून ज्याच्या चाळणीत जी येईल ती त्याने वेगळी धरायची. कोषातून निघालेले पण अजून बाहेर न पडलेले भुंगे लाकडातल्या खळग्यात बसलेले असतात, ते हलक्या हाताने काढायचे. बायका चाळत होत्या, माणसं लाकूड उकलत होती. पहिला भुंगा निघाला तो पंकजच्याच हाताला लागला. सरांनी भिंग डोळ्याला लावलं. पंकजने विचारलं,

"नाना, फनी शे का?"

"नही रे. बाई शे."

दुसरा निघाला. पुन्हा तोच प्रश्न आणि तेच उत्तर. पोरांनी एक भुंगा उताणा ठेवला, तो टक् करून उडाला तेव्हा मोठी माणसंही हसली. पण पुढचा भुंगा निघाला की सगळे पुन्हा सरांच्या तोंडाकडे पाहत. ज्या गावाने दुपारपर्यंत या भुंग्याविषयी काहीच ऐकलं नव्हतं, ते गाव आता त्याच्या मिशांसाठी श्वास रोखून बसलं होतं. मीसुद्धा देवाला हात जोडले, आणि मी तशी हात जोडणारी बाई नाही. खोडाचा शेवटचा तुकडा उकलून झाला. भुंगे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे मिळाले. नर एकही नव्हता.

सरांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. "बठ्ठं पाहीसन झायं," म्हणाले, आणि पंकजला खूण केली. रिकामा ओंडका पुन्हा होळीच्या बुडाशी, त्याच मानाच्या जागी रचला गेला. तिन्हीसांजेला होळी पेटली. अक्कांनी खापरावरच्या पोळीचा नैवेद्य दाखवला. सरांनी पाण्याचा तांब्या घेऊन होळीला प्रदक्षिणा घातली आणि त्या लाकडाला वाकून नमस्कार केला. मला रडू आलं. मी ते धुरावर ढकललं.

भुंग्यांत सगळ्या माद्याच निघाल्या, तरी अळ्या होत्या, लहानमोठ्या, पुष्कळ. त्यांना वेगवेगळं ठेवायला डबे हवे होते. घराघरांतून डबे आले. चहापत्तीचे, लोणच्याचे, एक तर नव्या नवरीच्या रुखवतातला चकचकीत. प्रत्येक डब्यात त्याच आंब्याचा भुसा आणि एक अळी. सगळ्या धुळ्याला नेता आल्या असत्या, पण सर म्हणाले, नको, यांचं घर इथेच आहे. ज्याने आणला त्याच्याच घरी तो डबा राहिला. पंकजने दोन मागून घेतले. थोडे डबे काकूंनी नेले आणि त्यासाठी स्वयंपाकघराची एक आख्खी फळी मोकळी करून दिली. आता आठवड्यातून दोन-तीनदा तरी सरांना गावातून फोन येतो. "नाना, आम्हनावाला जित्ता शे. काल भुसामा हालना." सर प्रत्येकाला विचारतात, ओल किती आहे, मुंग्या तर लागल्या नाहीत ना, आणि मग घरच्या माणसांची चौकशी करतात.

या गौरवसमारंभाची बैठक सरांच्या घरी झाली तेव्हा आम्हा विद्यार्थ्यांच्या मनात एक बेत होता. आता माद्या पुष्कळ जमल्या, अळीही ठाऊक झाली. नव्या जातीचं वर्णन याच वर्षी प्रसिद्ध करावं आणि समारंभात ते सरांच्या हाती द्यावं. त्यांच्या वयाचा विचार आमच्या मनात होता, तो कुणी बोलून दाखवला नाही. सर सगळं शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "पंचाहत्तरी माझी आहे, भुंग्याची नाही. तो येईल तेव्हा येईल." मी चिडले. मी म्हणाले, "सर, आणि नाही आला तर?" एवढं बोलून गेल्यावर मला माझ्या शब्दांचा अर्थ कळला.

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, कप लावले आणि सरांना विचारलं, "त्या डबामान्या अळ्यास्ना भुंगा व्हवाले आखो कितला वरीस लागतीन?"

"मोठ्या शेतस त्यास्ले दोन-तीन. लहानल्यास्ले चार-पाच," सर म्हणाले.

"मंग तवलोंग तुम्हले ऱ्हावनंच पडी," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्यापुढे बिनसाखरेचा कप सरकवला.

सरांनी तो निमूटपणे उचलला. गौरवग्रंथात दीर्घायुष्य चिंतण्याची रीत आहे, आणि ती पाळताना आम्हाला आता शब्द शोधावे लागत नाहीत. गिरणेकाठच्या घराघरांत, फळ्यांवर, कोनाड्यांत, डब्यांच्या अंधारात ती अळी आपल्या गतीने वाढते आहे. तिला घाई नाही. उद्या तिचा भुंगा झाला की त्याच्या मिशांत फणी आहे की नाही हे भिंगातून पाहून सांगणारा डोळा एकच आहे. सरांनी आम्हाला शिकवलं, तरी तो डोळा आमच्याकडे नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून सर, आपली प्रकृती उत्तम राहो, साखर आटोक्यात राहो, पायांत बळ राहो, आणि आपण आमच्यात राहा. काकूंनी सांगितलंच आहे. राहावंच लागेल.